भूकंप आणि बेचाळीस गाद्या

"लोक खुर्चीत बसूच शकणार नाहीत, सांगून ठेवतो!" गादीवाल्यांनी फोनवर मुलीला बजावलं. "आमच्या बँडचं नावच 'भूकंप' आहे!"

गादीवाल्यांचं वय अठ्ठावन्न. गाद्यांचं दुकान तीस वर्षांचं, ड्रम एका वर्षाचा. बायको गेली तेव्हा घर इतकं गप्प झालं, की फ्रिज सुरू झाला तरी ते दचकायचे. म्हणून त्यांनी ड्रम आणला. वाजवता येत नव्हता, पण आवाज व्हायचा. तेवढंच हवं होतं.

मुलगी मात्र रोज फोन करायची.

"बाबा, दुकान विका आणि माझ्याकडे राहायला या. एकटे काय करता तिथे?"

"एकटा कुठे? माझा बँड आहे!"

"या वयात?"

"आमचे गिटारवाले डॉक्टर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत!"

शेवटी करार झाला. भूकंपाचा पहिला कार्यक्रम येत्या रविवारी. मुलगी येऊन ऐकणार. बाबांचं खरंच छान चाललंय असं तिला दिसलं, तर ती पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर बाबांनी बॅग भरायची आणि तिच्याच गाडीत बसायचं.

गादीवाल्यांनी बॅग माळ्यावरून काढलीसुद्धा नाही. गरजच काय!

भूकंपात तीन माणसं. ड्रमवर स्वतः गादीवाले. गिटारवर दातांचे डॉक्टर. ते तारा अशा ओढायचे, जणू अक्कलदाढच निघते आहे. गायला ग्रंथपालबाई. त्यांनी बावीस वर्षं वाचनालयात कुजबुजत काढली होती, त्यामुळे तोंड उघडलं की बावीस वर्षांचा साठा एकदम बाहेर यायचा.

सराव दर रविवारी दुपारी, दुकानाच्या मागच्या खोलीत. चारी भिंतींना छतापर्यंत गाद्या. तिथे काय सुंदर वाजायचं! मऊ, गोल, गोड. रेकॉर्डिंगही तिथेच केलं, मोबाइल दोन उशांच्या मधे ठेवून. डॉक्टर ते दवाखान्यात लावायचे आणि आजवर एकाही रुग्णाने तक्रार केली नव्हती. आता रुग्णांच्या तोंडात कापूस असायचा, ही गोष्ट वेगळी.

चुका होतात आणि गाद्या त्या गिळून टाकतात, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

कार्यक्रम होता पोहण्याच्या क्लबच्या वर्धापनदिनाचा. क्लबचे सेक्रेटरी डॉक्टरांचे रुग्ण. त्यांनी होकार दिला तेव्हा त्यांचा जबडा बधिर होता. हॉल तलावाला लागूनच. खाली चकचकीत फरशी, चारी बाजूंना काचा, वर पत्रा. कार्यक्रम पाचला. तिघं दोनला पोचले.

गादीवाल्यांनी ड्रमवर एक दणका दिला. तो काचेवर गेला, तिथून पत्र्यावर, तिथून फरशीवर आणि तीन भावंडं घेऊन परत आला!

"चार का वाजवलेत?" डॉक्टर म्हणाले.

"एकच वाजवला!"

"मग मी गिटार कितव्याला धरू?"

डॉक्टरांनी दुसऱ्याला धरली. गादीवाल्यांना वाटलं डॉक्टर मागे पडले, म्हणून ते थांबले. डॉक्टरांना वाटलं गादीवाले पुढे गेले, म्हणून ते धावले. इतक्यात बाईंनी सूर लावला आणि लगेच कानांवर हात ठेवले.

"शी! कोण बाई किंचाळतेय ती?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "बाई, तुम्हीच."

बाई मटकन खाली बसल्या. "गादीवाले, आपण असे वाजतो? वर्षभर?"

"छे! दुकानात कसं छान वाजतं!"

"दुकानात गाद्या आहेत," डॉक्टर म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गादीवाले ताडकन उठले. "मग दुकानच इथे आणू!"

टेम्पोच्या दोन खेपा झाल्या. बेचाळीस गाद्या आल्या. त्या काचांना टेकवून उभ्या केल्या, तर काचेवरून घसरून सावकाश खाली बसल्या. पुन्हा उभ्या केल्या, पुन्हा बसल्या. शेवटी सगळ्या खुर्च्या बाहेर काढल्या आणि हॉलभर गाद्या अंथरल्या. सेक्रेटरी धावत आले.

"अहो, हे काय? माणसं बसणार कुठे?"

"गादीवर!" गादीवाले म्हणाले. "आमच्या बँडला असंच लागतं."

वाजवून पाहिलं. मऊ, गोल, गोड! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाचला सभासद आले. सगळे तासभर पोहून, केस ओले, हातपाय गळालेले. आधी मांडी घालून बसले. मग उशीसारखा टॉवेल गुंडाळून टेकले. मुलगी, जावई आणि तान्ही नात चार तास गाडीत बसून पोचले. नात झाल्यापासून मुलीला सलग दोन तास झोप नव्हती. तिसऱ्या रांगेत फोमच्या डबल गादीवर ती टेकली, बाबांना हात केला आणि पहिलं कडवं संपायच्या आत घोरू लागली.

तिसऱ्या गाण्यापर्यंत अर्धा हॉल झोपला होता. बाई जीव तोडून ओरडत होत्या आणि लोक कूस बदलत होते! पण गादीवाले खूश. ते दर ठोक्याला मान डोलवत होते. मान डोलवली नाही तर त्यांचा ठेका चुकायचा.

तेवढ्यात एक आजोबा जागे झाले, गादी दाबून पाहिली आणि स्टेजजवळ आले.

"काय हो, ही वर्धापनदिनाची भेट का?"

आवाजात गादीवाल्यांना काही ऐकू आलं नाही. त्यांची मान डोलली.

"घरी नेऊ?"

डोलली.

"सगळ्यांनाच आहे?"

गाणं जोरात आलं होतं. मान तीनदा डोलली.

मग काय! आजोबांनी बायकोला हलवलं, बायकोने शेजारणीला हलवलं. "अगं ऊठ, क्लब गाद्या वाटतोय!" मुलगी आणि नात सोडून आख्खा हॉल जागा झाला. बाई गाता गाता हातवारे करून गादीवाल्यांना समोर बघायला सांगत होत्या. गादीवाल्यांना वाटलं, बाईंना वेग वाढवून हवाय. त्यांनी वेग वाढवला, मानही जोरात डोलू लागली आणि ज्यांना शंका होती त्यांचीही खात्री पटली!

एक डबल गादी चार पायांवर स्टेजसमोरून चालत गेली, तेव्हा गादीवाल्यांना समजलं. थांबावं? पण कार्यक्रम मधेच बंद पडला तर मुलीला दुसरा पुरावा कशाला हवा? काळजावर दगड ठेवून ते वाजवत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं दुकान दारातून बाहेर जात राहिलं.

एकेक गादी गेली, तसा आवाज परत येऊ लागला. आधी पत्रा बोलला. मग काचा. मग फरशी. एका ठोक्याचे दोन झाले, दोनाचे चार. डॉक्टर एक गाणं मागे, गादीवाले एक गाणं पुढे. शेवटची गादी तेवढी उरली होती. दोन धडधाकट सभासदांनी ती अलगद ओढली आणि मुलगी फरशीवर जागी झाली.

तेव्हा भूकंपाचं शेवटचं गाणं चालू होतं. रिकाम्या हॉलमध्ये. पूर्ण ताकदीने!

नात जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं. हॉलने त्या एका भोकाडाची पाच केली.

गाणं संपल्यावरही बराच वेळ संपत नव्हतं. अखेर शांतता झाली. सेक्रेटरी गाद्या परत गोळा करायला सभासदांच्या मागे पळाले. बाई गादीवाल्यांवर खेकसल्या, "मान कशाला हलवता हो सारखी?" डॉक्टर घाम पुसायला रुमाल शोधत होते.

मुलगी नातीला थोपटत जवळ आली.

"कसं झालं?" गादीवाल्यांनी विचारलं.

"बाबा, भयंकर."

गादीवाल्यांनी काठ्या खाली ठेवल्या. "तुझी आई असती तर काय म्हणाली असती?"

"आईने पहिल्या गाण्यानंतर या काठ्या लपवल्या असत्या."

गादीवाले हसले. मुलगीही हसली. आई गेल्यापासून दोघं असे एकत्र हसले नव्हते. मग गादीवाल्यांनी डोळे पुसले.

"करार तो करार. बॅग भरतो. फक्त ड्रम गाडीत मावेल का, तेवढं बघावं लागेल."

"ड्रम?" मुलगी थबकली.

"म्हणजे काय! तुमच्या बैठकीच्या खोलीत ठेवीन. रोज दुपारी तासभर."

जावई दिवसभरात एक शब्द बोलला नव्हता. तो नम्रपणे पुढे झाला आणि त्याने सासऱ्यांचे दोन्ही हात धरले.

"बाबा, तुमचं इथे फार छान चाललंय!"

"खरंच, बाबा," मुलगी घाईघाईने म्हणाली. "बाई आहेत, डॉक्टर आहेत. मी उगाच काळजी करत होते. आता विषयच काढणार नाही!"

अर्ध्या मिनिटात गाडी सुरू झालीसुद्धा.

त्यांना निरोप देऊन गादीवाले छाती फुगवून आत आले. डॉक्टर आणि बाई श्वास रोखून उभे होते.

"काय म्हणाली? आवडलं तिला?"

"आवडलं म्हणजे!" गादीवाले म्हणाले. "इतकं आवडलं, की मला घरी न्यायलाच तयार नाही!"