मापाड्याची मिशी

शनिवारच्या बाजारात मोशीच्या सोपानरावांनी कांद्याच्या बारा गोण्या गाडीतून उतरवल्या, कोंडीरामच्या काट्यापाशी आणल्या, एकवार कोंडीरामच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि मुकाट्याने त्या परत गाडीत चढवायला घेतल्या.

"का वो सोपानराव? भाव पसंत न्हाई का?"

"भावाचं काय न्हाई. तुझ्या हातचं माप नगं."

चाकणला बबनराव आडत्याचे तीन काटे होते आणि मधल्या काट्यावर कोंडीराम सोळा वर्षं मापाडी होता. या सोळा वर्षांत त्याच्या मापाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. महाळुंग्यात त्याची जमीन नावापुरतीच होती. माणूस चारचौघांत ताठ मानेने हिंडायचा तो या काट्याच्या जोरावर. त्यामुळे भर बाजारात कुणी मुस्काटात मारावी तसं त्याला झालं.

"मी काय खोटं केलं, ते तरी सांगा."

"अजून न्हाई केलं. पण करशील. सोमवारी समदं बघितलंय मी."

सोमवारी सोपानरावांनी पाहिला होता तो सिनेमा. बाजारामागच्या माळावर तंबूची टॉकीज येऊन अकरा दिवस झाले होते, आणि या अकरा दिवसांत निम्म्या चाकणचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. बापये न्हाव्याकडे बसून नायकाचा भांग मागत होते. सुना भाकरी थापताना मध्येच उसासे टाकत होत्या आणि सासवांना ते उसासे कोणत्या प्रसंगातले हे बरोबर कळत होतं. सिनेमातला दुष्ट माणूस होता गावचा मापाडी. तो नायिकेच्या बापाला मापात बुडवायचा, खळ्याला आग लावायचा आणि शेवटी विहिरीत पडून मरायचा. त्याच्या मिशा टोकाला वर वळलेल्या होत्या आणि लबाडी करण्याआधी तो डाव्या मिशीला पीळ द्यायचा.

कोंडीरामच्या मिशा अगदी तशाच होत्या. माप पुकारण्याआधी तोही डाव्या मिशीला पीळ द्यायचा. तंबू चाकणला येण्याआधीपासून द्यायचा, पण हे आता कोण ऐकून घेणार?

त्या दिवशी त्याच्या काट्यावर एकही गोण चढली नाही. संध्याकाळी त्याने घरी सगळं सांगितलं, तर त्याची बायको गवराबाईने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "लोकं खोटं न्हाई बोलत. त्यो तुमच्यावानीच हाय. मी तीनदा बघितला."

"तीनदा?"

"त्यो हिरीत पडतो तवा लई बरं वाटतं. मी बी टाळ्या वाजीवल्या."

"म्हंजी मी पडलो म्हून?"

"मंग काय करनार? समद्याच वाजवीत व्हत्या." तिने भाकरी ताटात टाकली. "तेवढी मिशी काढून टाका की. इषय मिटला."

ओसरीवर पडलेले आबाजी ताडकन उठून बसले. कोंडीरामचे वडील ऐंशीच्या घरात होते, कान निम्मे गेले होते, पण हे बरोबर ऐकू आलं. "मिशी बाप मेल्यावर काढत्यात. मी अजून दोन वखत भाकरी खातोय."

"व्हय आबा. कोन काढतंय?" कोंडीराम म्हणाला. पोराची मिशी उतरली म्हणजे पंचक्रोशी बापाच्या दहाव्याला यायला निघाली, हे त्याला सांगायला नको होतं.

सोमवारी बबनरावांनी त्याला गादीपाशी बोलावून घेतलं. "कोंडीराम, माझ्या गाड्या परत चालल्यात. येत्या शनिवारी मिशी काढून ये, न्हाईतर काटा दुसऱ्याला देतो."

"मालक, माझा बाप जिता हाय."

"मग त्यालाच इचार, मिशी खायची का भाकरी."

कोंडीरामचं डोकं असं फिरलं की तो तडक तंबूवर गेला. तिथले मॅनेजर पुण्याचे, धुतल्या कपड्यांतले गृहस्थ होते. कोंडीराम त्यांना म्हणाला, "तुमच्या त्या मानसाला मिशी काढायला सांगा."

"अहो, सिनेमा काढून दोन वर्षं झाली. तो आता मुंबईत असेल."

"मंग तार करा."

"तार करून पडद्यावरची मिशी कशी उतरेल?"

"मंग त्याच्यापायी माझी का उतरावी?"

मॅनेजरांनी फुकटचा पास काढून त्याच्या हातावर ठेवला. "आधी बघा तर खरं. मग भांडू."

दिवेलागणीच्या खेळाला कोंडीराम जमिनीवरच्या गर्दीत पुढेच जाऊन बसला. सोपानराव दोन हातांवर होते. मागच्या खुर्च्यांवर बबनराव पानाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. पडद्यावर मापाडी आला आणि तंबूभर शिव्या सुरू झाल्या. माणूस दिसायला आपल्यासारखा आहे, हे कोंडीरामने मनातल्या मनात कबूल केलं. मग त्या माणसाने मिशीला पीळ दिला, गोणीच्या पारड्यावर पाय दाबला आणि पुकारलं, "एक."

कोंडीराम उठून उभा राहिला.

"बंद करा ह्ये. ह्यो मापाडीच न्हाई."

"खाली बस," मागून ओरडा झाला. तो बसला नाही. उलट पडद्यापाशी गेला. त्याची सावली पडद्यावर पडली आणि एकावेळी दोन-दोन मिशा पाहून लोक आपोआप चूप झाले.

"आरं, गोनीवर पाय दाबला तर शेतकऱ्याचं माप वाढतंय. त्याचा फायदाच केला की ह्या खुळ्यानं. बुडवायचं आसंल तर पाय खालनं लावत्यात, पारडं उचलून धरायला. आन एक काय म्हंतो? मापाडी एक म्हंतो का कंदी? पयल्या मापाला लाभ म्हनायचं, मंग दोन, मंग तीन. ज्याला लुटायचंय त्यो लाभ म्हनून फुडं एक म्हंतो. तितंच एक गोन गेली, आन तुमी बिड्या वढीत बसता. वजनाच्या पारड्याखाली लाखंनं खडा चिटकवत्यात. वजनाच्या बुडात शिसं वततात..."

एकेक करत त्याने नऊ लबाड्या सांगितल्या. बोलता बोलता त्याला स्वतःचाच राग आला. हे तोंड आपण सोळा वर्षं का मिटून बसलो, ते त्याला कळेना.

सोपानराव उभे राहिले. "कोंडीराम, तुला येवढं कसं ठावं?"

कोंडीरामने डाव्या मिशीला पीळ दिला.

"सोळा वरसं मी मधल्या काट्यावर हाय. हिकडं बी काटा हाय आन तिकडं बी काटा हाय. मला दोन डोळं हायेत."

तंबूतली सगळी डोकी पडद्याकडून फिरली ती थेट मागच्या खुर्च्यांकडे. बबनराव मध्यंतराची वाट न पाहता कनात उचलून बाहेर पडले. पानाचा डबा खुर्चीखालीच राहिला.

शनिवारी मधल्या काट्यापुढे रस्त्यापर्यंत गाड्या लागल्या होत्या. सगळ्यात पुढे सोपानराव होते. बाजूच्या दोन्ही काट्यांवर जे चुकून गेले, ते वाकून पारड्याखाली हात फिरवत होते. बबनरावांनी कोंडीरामला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "राहू दे तुझी मिशी. पण तंबूत जे बोललास ते परत बोलू नको. आपलं समजून सांगतो."

"मी कुनाचं नाव घ्येतलं न्हाई, मालक. काटा काढून घ्यायचा आसंल तर आत्ताच घ्या. ह्या गाड्यावाल्यांना मातर तुमी सांगा."

बबनरावांनी गाड्यांची रांग पाहिली आणि ते गादीकडे वळले. कोंडीरामने पहिली गोण पारड्यावर घेतली आणि बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात "लाभ" म्हणून पुकारा केला.

टॉकीज पुढे आणखी आठवडाभर राहिली. शिव्या तशाच पडत होत्या, विहिरीतल्या मरणाला टाळ्याही तशाच. फक्त पडद्यावर तो मापाडी आला की आता सगळा तंबू एका आवाजात म्हणायचा, "आला बघा बबनराव."

आणि बबनरावांचा इलाज खुंटला होता. त्यांचे वडील वारून वीस वर्षं झाली होती, मिशी तेव्हाच गेली होती आणि पुन्हा त्यांनी ती ठेवलीच नव्हती. आता काढायची म्हटलं तरी काढणार काय?