हैदराबादहून कोणीतरी बघतं

पोह्यांत मीठ कमी पडलंय, असं सुजाता रामटेकेला नुसतं सांगून भागत नाही. ती आधी सगळ्यांच्या बशा तपासते, कोणी किती उष्टं टाकलं ते पाहते आणि मग निकाल देते. वर मला ऐकवते, "मावशी, मत नोका सांगू. डेटा काय म्हनते ते पाहा."

गोंडपिपरीत माझ्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ती भाड्यानं राहते आणि तिथूनच बांबूच्या वस्तू ऑनलाइन विकते. आधी हैदराबादला मोठ्या नोकरीत होती. संसार मोडला, मुलगी पल्लवी तिथेच बापाकडे राहिली, ही एकटी परतली. दुकान सुरू झालं त्या उन्हाळ्यात पल्लवी इथे आली होती. जाताना मायलेकींचं काहीतरी बिनसलं आणि फोन बंद झाले. एवढं सुजाता एका दमात सांगते आणि चिकटपट्टीचं टोक शोधायला लागते.

तिची टीम म्हणजे पॅकिंगच्या दोघी बाया आणि फोटो, वेबसाइट सांभाळणारी फरजाना. सकाळची मीटिंग उभ्यानं होते, कारण बसलं की पंगत होते म्हणे. मी स्टूल घेऊन जाते. माझ्या गुडघ्यांचा डेटा वेगळा आहे.

डिझाइनच्या कामी मात्र मीच लागते. चष्मा काढायला लावून ती मोबाइल हातात देते आणि टोपली विकत घ्या म्हणते. मदत करायला सगळ्यांना बंदी. एकदा दाबता दाबता माझ्याकडून टोपलीऐवजी तिच्याच नावाची तक्रार गेली. मी पोट धरून हसले. ती गंभीरपणे आत गेली आणि खरेदीचं बटण मोठं करून अंगठ्याखाली आणून ठेवलं.

तशी धंद्यातली मीही काही कमी नव्हते. तरुणपणी मार्कंड्याच्या जत्रेत टोपल्या विकायची. माझं धोरण एकच, गजरा माळून ऐटीत बसायचं. लोक माझ्याकडे बघायचे आणि टोपली शेजारच्या म्हातारीकडून घ्यायचे. आज फार गिऱ्हाईक झालं, असं घरी येऊन सासूला सांगायला मी मोकळी. सुजाताला हे सांगितलं तर ती हसलीसुद्धा नाही. बघणारा वेगळा आणि घेणारा वेगळा, म्हणाली.

जी वस्तू खपत नाही तिचं वेबसाइटवरचं पान महिनाअखेरीस उतरवायचं, हा तिचाच नियम. जिवती गावाकडून आलेलं एक सूप तिला जिवापाड आवडायचं, तेही उतरवलं. फोटोतली माणसंही काढून टाकली. पांढऱ्या कापडावर नुसती वस्तू असली की विक्री वाढते, असं आकड्यांनी सांगितलं होतं.

या नियमातून एकच पान तेवढं सुटलं होतं. मोठ्या टोपलीचं. त्यात सुजाता स्वतःच ती टोपली टोपीसारखी डोक्यावर घालून खदखदा हसतेय.

मागच्या महिन्यात फरजानानं मीटिंगमध्ये विचारलं, "ताई, हे टोपली तं कोनीच घेत नाई. पान काऊन ठेवलं?"

सुजाता म्हणाली, बघू. तिच्या तोंडून हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला. पण फरजाना तिच्याच हाताखाली तयार झालेली. तिनं आकडे काढून मोबाइल पुढे धरला. पान उघडणारं जवळपास एकच कोणी होतं, हैदराबादहून, बहुतेक रविवारी. बघायचं, आणि न घेता जायचं.

"नियम मंजे नियम ना, ताई?"

"हो. उतरव," सुजाता म्हणाली. पण फरजानाच्या हातातला मोबाइल तिनं धरला तो सोडेचना.

मग कोणाकडेही न बघता ती बोलली. "हा फोटो पल्लवीनं काढला होता. पाहनारी तेच असंन, असं नाई. हैदराबाद मोठं हाये. कोनीबी असंन."

माझ्या जिभेवर एक टोमणा तयार होता. तो गिळला.

फरजानानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग म्हणाली, "पान राहू द्या. फोटो बदलवा लागते."

"काऊन?"

"जुना झाला, ताई. तुमचे केस किती पिकले. तिले आताची माय दिसाले पायजे."

सुजातानं फळीवरची टोपली काढली आणि डोक्यावर ठेवली. हसू काही येईना. पॅकिंगवाल्या बायांनी कात्र्या खाली ठेवल्या. फरजाना कॅमेरा धरून उभी राहिली. घाई नाही, म्हणाली.

मी दारातून बाजूला झाले, उजेड यावा म्हणून.