इशाऱ्याला तीन इंच कमी

आमच्या पेठेत पुराचं पाणी आलं की नाही, हे ठरवायचा अधिकार पाण्याला नाही. तो पुलाच्या खांबावर ठोकलेल्या पत्र्याच्या पट्टीला आहे. पट्टी तीस फूट म्हणाली की इशारा, चौतीस म्हणाली की धोका, आणि धोका झाला की बोट निघते. त्याआधी तुमच्या घरात जे काही शिरलं असेल, त्याला सरकारी भाषेत ओल म्हणतात.

याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः आकड्यांचा माणूस आहे. सकाळी उठलो की झोप झाली का, हे मी मनगटावरच्या घड्याळाला विचारतो. ते बासष्ट टक्के म्हणालं की मला जांभया यायला लागतात. दूध फॅट बघून घेतो, जेवण कॅलरी बघून आटोपतो. पावसाळ्यात मोबाईलवर ‘पातळी : फक्त आकडे’ नावाचा ग्रुप चालवतो. चारशे बारा सभासद आहेत आणि ॲडमिन मीच. माझा फ्लॅट नदीपासून सहाशे चाळीस पावलांवर, तिसऱ्या मजल्यावर आहे. पावलं मोजलेली आहेत.

पट्टी यंदा नवी बसवली. पातळी कक्षाचे प्रमुख हंबीरराव साहेब यांनी मे महिन्यात तिचा अनावरण समारंभ ठेवला होता. खांब कोरडा होता, मांडव होता, फीत होती. ऐनवेळी लक्षात आलं की पट्टी जुन्या खुणेवर ठोकली तर फीत गुडघ्यापाशी येते आणि पाहुण्यांना वाकावं लागतं. पाहुणे कुणापुढं वाकत नाहीत, अशी त्यांची ख्याती. साहेबांनी पट्टी चार फूट वर घ्यायला लावली. फीत कापली, फोटो झाला, चहा झाला आणि पट्टी तिथंच राहिली. त्या दिवसापासून नदी कायमची चार फूट उतरली. पूरनियंत्रणात लक्षणीय यश, असा अहवालही वर गेला.

नदीच्या अगदी काठालाच मल्लव्वाचं घर आहे. बाई बहात्तर वर्षांची, एकटी. पुढच्या सोप्यात बांधलेली एक म्हैस, चंद्री, आठ महिन्यांची गाभण. घराला दार एकच. त्या दाराच्या सागवानी चौकटीवर मल्लव्वाच्या सासऱ्यानं, चनबसाप्पांनी, दर पुराची खूण छिन्नीनं कोरून ठेवलेली. उंबऱ्याला पाणी लागलं की तीस फूट, हा आमच्या गल्लीचा हिशोब तीन पिढ्या चुकला नव्हता. गल्ली त्यावर सामान हलवायची. पण अशिक्षित लोक, खुणांचं प्रमाणपत्र कुठून आणणार?

जुलैत एका शनिवारी सकाळी पाणी उंबऱ्याला लागलं. पट्टीवर सव्वीस होते. मल्लव्वानं ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप टाकला, की पाणी दारात आलंय, म्हैस गाभण हाय, बोट धाडा. मी तो ऐकला आणि काढून टाकला. ग्रुपचा नियम आहे, फक्त आकडे. आज एकाला भावना टाकू दिली की उद्या सगळे टाकतात.

मग तिनं कक्षात फोन लावला. तिथं जयसिंग होता. पट्टी वाचणं एवढंच त्याचं काम. पोरगा आमच्याच गल्लीतला. पट्टी चार फूट वर आहे हे त्याला माहीत होतं, कारण ती वर उचलताना खालचं टोक त्यानंच धरलं होतं. त्यानं विचारलं, घरात पाणी किती? ती म्हणाली, गुडघ्याएवढं. कक्षात बरीच चर्चा झाली. गुडघा हे एकक मान्य यादीत नव्हतं. शिवाय कुणाचा गुडघा? बाई म्हातारपणानं वाकलेली, म्हणजे गुडघा मूळ जागी असेल याची खात्री काय? साहेबांनी शेरा मारला : अर्जदाराचा गुडघा प्रमाणित करून घ्यावा.

हे ऐकून मल्लव्वाची तार सटकली. गुडघा राहू दे, म्हणाली, सासऱ्याची चौकट बघा, तुमच्या पट्टीपेक्षा ती खरी. इथं बाईनं घात करून घेतला. सरकारी पट्टी असताना खाजगी चौकटीवर पूर मोजणं हा साधा प्रकार नाही. साहेबांनी तातडीनं पथक पाठवलं. पथक बोटीतून आलं.

होय, बोटीतून. बचावाच्या बोटीला चौतीस फुटांची अट आहे, तपासणीच्या बोटीला नाही. पथकात जयसिंग होता आणि माप तपासणारा एक अनोळखी गृहस्थ होता. तोवर पाणी मांडीला लागलेलं. गृहस्थानं टॉर्च मारून चौकटीवरच्या खुणा पाहिल्या. शिक्का नाही, पडताळणी नाही, परवाना नाही. विनापडताळणी मापक जागेवरच सील करण्याचा हुकूम त्यानं लिहिला. दार ओढून घेतलं, चौकटीला आडवी सुतळी बांधली. पण सीलची लाख वितळेना, कारण त्यांची काडेपेटी भिजली होती. मल्लव्वानं खिडकीच्या गजांतून स्वतःची कोरडी काडेपेटी दिली. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

लाख लागल्यावर तिनं विचारलं, “पावणं, दाराला सील लावलासा, आता मी आन् म्हस भायेर कुठनं येऊ?”

गृहस्थ प्रामाणिक होता. प्रश्न योग्य असल्याचं त्यानं मान्य केलं आणि तो शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतला. सोमवारी कार्यालय उघडल्यावर उत्तर मिळणार होतं.

“जयसिंगा,” ती म्हणाली, “माझं ऱ्हाऊ दे. चंद्रीला तरी दोरीनं वढून न्या की. पोटात जीव हाय तिच्या.”

जयसिंगनं बोट वळवायला घेतली. “अव्वा, ही बोट तपासणीची हाय,” तो म्हणाला. “बचावाची चौतीसला येती. अजून आठ्ठावीसच झाल्यात.”

बोट गेली. तिच्यात सहा जागा रिकाम्या होत्या. मोजलेल्या आहेत.

दुपारी चारच्या सुमाराला मल्लव्वाच्या छातीला पाणी लागलं. तिनं चंद्रीचं दावं सोडलं आणि शेपूट घट्ट धरलं. म्हशीला सरकारी कागद वाचता येत नाही. तिनं डोक्यानं दार रेटलं, सुतळी तुटली, फुगलेली चौकट निखळली आणि चनबसाप्पांच्या सगळ्या खुणा वाहून गेल्या. म्हैस पोहत गल्ली पार करून वर आली. मागं म्हातारी. दोघी थेट आमच्या अपार्टमेंटच्या फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. चंद्री थरथरत होती. मल्लव्वाच्या ओठांचा रंग मला तिसऱ्या मजल्यावरून दिसत होता.

वॉचमननं फोन केला, पार्किंगमध्ये घेऊ का? आमच्या सोसायटीचा ठराव आहे. पूरग्रस्तांना पार्किंग खुलं, माणुसकीच्या नात्यानं, इशारा पातळी ओलांडल्यानंतर. मी मोबाईल उघडला. एकोणतीस फूट नऊ इंच. इशाऱ्याला तीन इंच कमी. म्हणजे कागदोपत्री ती बाई कोरडी होती. मी वॉचमनला तसं समजावून सांगितलं आणि खिडकी लावून घेतली, कारण वारं फार बोचत होतं. एकवीस अंश.

दोघी पुढं बसस्टॉपच्या पत्र्याखाली जाऊन बसल्या. तिथंच चंद्रीला वेळेआधी कळा सुरू झाल्या. रेडकू मेलेलं निघालं. सोमवारी मल्लव्वाला सील तोडल्याची नोटीस मिळाली आणि जयसिंगला अचूक वाचनाबद्दल प्रशस्तिपत्र.

तुम्हाला माझी चीड आली असेल. स्वाभाविक आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. मल्लव्वाचा तो निरोप मी काढून टाकला खरा, पण सात मिनिटांनी. तेवढ्यात तो किती जणांनी ऐकला, हे मोबाईल सांगतो. ती यादी मी जपून ठेवली आहे. वरून एकशे अठराव्या ओळीत तुमचं नाव आहे. ऐकून झाल्यावर तुम्ही ग्रुपवर एकच प्रश्न विचारला होता : “आत्ता किती?”