रंगनाथआबा आणि ट्रॅक्टरचं पोट

आमच्या शेजारचे रंगनाथआबा रोज सकाळी ट्रॅक्टरचं पोट तपासतात. म्हणजे काय करतात, तर ट्रॅक्टर चालू ठेवून स्टीलचा ग्लास गिअरबॉक्सला पालथा लावतात, त्याच्या बुडाला कान लावतात आणि डोळे मिटून बसतात. आत काय ऐकू येतं ते त्यांनाच ठाऊक. आम्ही शेजारी मात्र धुरानं खोकत असतो. मग आबा डोळे उघडतात आणि निदान सांगतात, "गुरुजी, आज पोटात गॅस धरलाय."

ट्रॅक्टर केवढा, तर मोसंबीच्या दोन ओळींतून अंग चोरून जाणारा. पण आबा त्याच्यावर बसले की शपथविधीला निघाल्यासारखे दिसतात. ट्रॅक्टरसोबत आलेलं माहितीपुस्तक त्यांनी पहिल्याच दिवशी बाजेच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं. "कंपनीला काय कळतंय? कंपनीनं नुसता बनवलाय. चालवतंय कोण? आपुन!"

आबांच्या हिशेबी जगात लबाड जाती दोनच, पुढारी आणि मेकॅनिक. "पुढारी पाच वर्षाला एकदा फसवतो गुरुजी. मेकॅनिक दर सर्व्हिसिंगला." हे वाक्य ते नेहमी भिंतीकडं तोंड करून, घसा साफ करून, जरा मोठ्यानं म्हणतात. कारण भिंतीपलीकडं मेकॅनिक राहतो. दत्तानाना, आबांचे सख्खे धाकटे भाऊ. उमापूरपासून तलवाड्यापर्यंत असा ट्रॅक्टर नसेल ज्याच्या पोटात नानांचा हात गेलेला नाही. अपवाद फक्त भिंतीअलीकडचा.

भांडण बांधाचंही नाही आणि विहिरीचंही नाही. एका वाक्याचं आहे. नऊ वर्षांपूर्वी आबांच्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीत, व्याह्यांसमोर नाना हसत बोलून गेले, "आमच्या आबाला बिरेक अन् किलच सारखाच! ट्रॅक्टरातलं तेला काय बी कळत न्हाई." सगळी पंगत हसली. व्याही तर एवढे हसले, की त्यांना बुंदीचा ठसका लागला. आबा त्या पंगतीतून उठले ते उठलेच.

तेव्हापासून दोघांचं बोलणं माझ्यामार्फत. "गुरुजी, पलीकडं सांगा, तुमची म्हैस आमचा कडबा खाती." पलीकडचा माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा असतो, सगळं ऐकतो, पण मी तेच वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत थांबतो. मग म्हणतो, "त्यांना सांगा, बांधतो." तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण इतकी बिनडोक नोकरी मी कधी केली नव्हती.

परवा नानांनी गॅरेजचं शटर कायमचं ओढलं. मुलगा पुण्याला आहे, त्यानं आई-वडिलांना कायमचं बोलावलं. दोन दिवसांनी सामान न्यायला टेम्पो येणार होता. ही बातमी आबांना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं.

"जाईना का! मला काय त्याचं?" आबा गरजले. "गावातला एक मेकॅनिक कमी झाला." त्या रात्री ते जेवले नाहीत, हे मला शांताकाकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी सांगितलं.

टेम्पोच्या आदल्या दिवशी सकाळीच आबांनी ग्लास लावला आणि ओरडले, "गुरुजी, पोट बिघडलं! हायड्रोलिकचं ऑइल बदलावं लागतंय. आज. आत्ता. हितंच."

"अहो, दिवाळीत फुकट सर्व्हिसिंगला नेलात तेव्हा बदललं की! मी होतो सोबत."

"फुकटचं ऑइल ते. फुकटावाणीच चालायचं!"

आबांनी ट्रॅक्टरखाली एक जुना फ्लेक्स अंथरला. त्यावर एक भावी जिल्हा परिषद सदस्य हात जोडून हसत होते. या माणसाचा गावाला झालेला हा पहिलाच उपयोग, असं म्हणत आबा त्यांच्या छातीवर आडवे झाले. खाली पाच लिटरचा रिकामा डबा ठेवला.

"पाच लिटरनं भागेल का?" मी विचारलं.

"इंजिनाला तेवढंच लागतंय. मागं काय दुसरं इंजिन हाय का?"

पाना लावला, नट फिरवला. नट सुटला तो सरळ डब्यात पडला आणि वरून अंगठ्याएवढी धार आली. डबा बघता बघता भरला, पण धार कमी होईना. "शांते, भांडं!" काकूंनी घमेलं आणलं, भरलं. बादली आणली, भरली. शेवटी काकू पुरणाची परात घेऊन आल्या, पण ती देण्याऐवजी छातीशी धरून उभ्या राहिल्या. भावी सदस्य नाकापर्यंत तेलात गेले, तरी हसतच होते. आबांनी घाईनं भोकात अंगठा घातला. धार थांबली आणि आबाही तिथंच अडकले.

एव्हाना गल्लीतले सात-आठ जाणकार जमले. हात कुणी लावला नाही, सल्ला सगळ्यांनी दिला. एक म्हणाला गिअर टाका, दुसरा म्हणाला गिअर काढा, आणि दोघांनी व्हिडिओ सुरू केला.

"भावजींना हाक मारू का?" काकूंनी विचारलं.

"मी मेलो तरी न्हाई!" ट्रॅक्टरखालून उत्तर आलं. पण मेलो तरी नाही म्हणणाऱ्या माणसाचे डोळे भिंतीकडं होते, हे मला स्पष्ट दिसलं.

मी वळलो, तर नाना भिंतीपलीकडं पालथ्या बादलीवर उभे. कधीपासून बघत होते, देव जाणे. "त्यांना सांगा," ते म्हणाले, "अंगठा काढू नका म्हणावं." आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा फाटकातून आत आले. एका हातात रिकामा ड्रम, दुसऱ्यात पाना.

दोघे भाऊ फ्लेक्सवर डोक्याला डोकं लावून पडले. दोघांच्या उशाशी मी उकिडवा.

"त्यांना सांगा, आता काढा अंगठा."

"आबा, काढा अंगठा."

"त्यांना सांगा, काढतोय."

उरलेलं तेल ड्रममध्ये पडू लागलं. नानांनी बाहेर सरकून ते दोन बोटांत चोळलं, वास घेतला, उजेडात धरलं. सोन्यासारखं स्वच्छ तेल. मी काही मेकॅनिक नाही, पण मलाही कळलं, की या तेलाला काहीएक झालेलं नव्हतं. नानांनी एकदा तेलाकडं पाहिलं, एकदा भावाकडं. आबांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

"नाना, काय भानगड हाय?" जाणकारांपैकी एकानं मोबाईल पुढं करत विचारलं. "ऑइल खरंच खराब झालतं, का आबाचं आपलं उगं काय तरी?"

दोन-तीन जण हसले. पंगतीत हसले होते तसेच. नाना एक शब्द जरी चुकीचा बोलले असते, तर उद्याचा टेम्पो अडवणारं कुणी उरलं नसतं.

नानांनी तेलाचा हात फडक्याला पुसला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "लई खराब झालतं. अजून दोन दिवस चालवला असता तर नांगर उचलायची लिफ्ट बसली असती. आबाला बरोबर कळलं. ट्रॅक्टरातलं आबाला कळतंय."

मग नाना खाली वाकले. मधे मी होतो, पण माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आबा, माझ्याकडं ऑइलची बादली उरलीय, ती भरतो. पण आठ-पंधरा दिवस चालवून बघावं लागंल."

"आन् टेम्पो?"

"पाठवू माघारी."

"दत्ता," आबा म्हणाले. "तू गेल्यावर म्या कुणासंगं भांडायचं रं?"

आबा ट्रॅक्टरखालून बाहेर येईनात. गल्लीला वाटलं कंबर धरली. कंबर-बिंबर काही नव्हतं. मी मोबाईलवाल्यांना फाटकाबाहेर हाकललं आणि फाटक लावून घेतलं. नाना त्या तेलकट फ्लेक्सवर आबांच्या शेजारी आडवे झाले, आणि मग दोघेही बराच वेळ बाहेर आले नाहीत.