उभं राहण्यास सक्त मनाई

तेहेतीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक होतो. सटाण्याच्या कांदा व्यापाऱ्यांचे काटे, मनमाडच्या किराणा दुकानांतले तराजू, सगळ्यांचा तोल मी तपासला आणि त्यावर शिक्का मारला. कबूल करतो, बहुतेक काटे मी खुर्चीतूनच तपासले. खुर्चीतून सरळ दिसला की काटा सरळ, असा माझा साधा हिशेब होता. अशा माणसाचा स्वतःचा तोल गेल्या मार्गशीर्षात पँट घालताना गेला. डावा पाय पँटमध्ये, उजवा हवेत आणि उरलेला सावळीराम कपाटात.

हाड मोडलं नाही, पण हुकूम निघाला. मुलगा रोहित म्हणाला, "बाबा, आजपासून एकट्यानं जिना उतरायचा नाही." आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. रोज सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या इथल्या नदीकाठी, चक्कर, तिथला कटिंग चहा आणि झाडून सगळ्यांची निंदा, एवढंच निवृत्तीनंतर माझं असं उरलं होतं. तेही गेलं. मी घर डोक्यावर घेतलं तेव्हा रोहितनं अट घातली. जवळच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात तोल सुधारण्याचा वर्ग सुरू होत होता. त्याचं प्रमाणपत्र आणा, मग खुशाल एकटे जा, असं ठरलं.

वर्गाचं नाव 'निरीक्षण-निद्रा तोलसंवर्धन उपक्रम'. समन्वयक चैतालीनं पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं, "काका, दुसऱ्याची हालचाल नीट बघायची आणि लगेच झोपायचं. झोपेत मेंदू ती पक्की करतो."

"म्हणजे करणार दुसरा, आपण बघायचं आणि झोपायचं?"

"हो. अगदी तेवढंच."

मला भरून आलं. माझ्या अनुभवाची अशी कदर आजवर कोणी केली नव्हती.

पडद्यावर एक पिळदार तरुण एका पायावर उभा राहायचा. आम्ही अठरा म्हातारे गाद्यांवर बसून त्याला बघायचो आणि मग आडवे व्हायचो. चौथ्या दिवशी कुंदनराव नावाच्या गृहस्थांना चेव आला. ते उठून त्या तरुणाबरोबर एका पायावर उभे राहिले आणि डगमगून थेट माझ्या मांडीवर बसले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर सूचना लागली: 'सुरक्षिततेच्या कारणास्तव प्रशिक्षण काळात उभं राहण्यास सक्त मनाई आहे. उभ्या आढळलेल्या प्रशिक्षणार्थीची हजेरी रद्द होईल.' या मजकुरातलं 'आढळलेल्या' माझं आहे. चैतालीनं नुसतंच 'उभं राहिल्यास' लिहिलं होतं.

रोज वहीत शेरा लिहायचा असे. बाकीचे 'छान', 'खूप छान' असं लिहून झोपी जात. मी लिहिलं, 'सदर युवकाचा डावा गुडघा किंचित कललेला आढळला. खुलासा मागवावा. तसेच युवकाचे वय पाहणाऱ्यांच्या वयाशी जुळत नाही, सबब निरीक्षण ग्राह्य धरता येत नाही.' चैताली बिचारी घाबरली. आता आमच्या वयाचा, एका पायावर उभा राहणारा माणूस शोधायचा, म्हणजे पंचाईतच होती.

तो माणूस दारातच सापडला. माझी बायको साळूबाई मला हाताला धरून आणायची आणि घ्यायला यायची. त्या दिवशी ती माझ्या औषधांची पिशवी आणि माझी कानटोपी एका हातात घेऊन उंबऱ्यापाशी थांबली होती. तिनं उजवा पाय उचलला, दुसऱ्या हातानं चप्पल काढली, झटकली, आतला खडा पाडला आणि चप्पल परत पायात घातली. कशाचाही आधार घेतला नाही.

"मावशी, पुन्हा कराल? शूटिंग करते," चैताली म्हणाली.

"त्यात काय बघायचं हाय? खडा गेला की," साळू म्हणाली. ती सायखेड्याची, तिथे पाहण्यासारख्या गोष्टी वेगळ्या असतात. पण पोरीचं मन मोडायला नको म्हणून तिनं चप्पल पुन्हा काढली.

मग उरलेले तीन आठवडे आम्ही रोज माझ्या बायकोचा पाय बघितला. चाळीस वर्षं ती माझ्यासमोर वावरली होती. तिच्या टाचेला एवढी भेग आहे हे मला पडद्यावर कळलं, कारण तिथे ती भेग दोन हात लांबीची दिसत होती. घरीही मी हेच तर करत आलो होतो: ती राबायची, मी बघायचो, मग झोपायचो. उपक्रमाचा सिद्धांत खरा असता तर एव्हाना मी दोरीवरून चाललो असतो. मला स्वतःची फार लाज वाटली. मग दिवे मालवले गेले आणि मी नियमानुसार झोपलो.

अठ्ठाविसाव्या दिवशी निकाल लागला. आम्ही अठराही जण पास. प्रमाणपत्रं मात्र वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात होती, ती स्वतः येऊन, सही करून न्यायची होती. बावीस पायऱ्या. यशस्वी उमेदवार जिन्याच्या पायथ्याशी जमले आणि जिन्याचं निरीक्षण करू लागले. कुंदनरावांनी सुचवलं की आधी थोडं पडून घेऊ.

मी चैतालीला म्हणालो, "खाली आणून दे ना बाई."

"काका, रूल आहे. आणि तुमचा तोल सुधारलाय, तसं लिहिलंय प्रमाणपत्रात."

"ते प्रमाणपत्र कुठे आहे?"

"वर."

एवढ्यात साळू जिना उतरून आली. शूटिंगबद्दल तिला वर शाल-नारळ दिला होता. ती आम्हा अठरा जणांकडे बघून म्हणाली, "नुसतं बघत काय राहिलात? पाय उचला."

"हजेरी रद्द होते गं."

"होऊ द्या. मी धरते, पर पाय तुमचाच."

तिनं नारळ कुंदनरावांच्या हातात दिला आणि माझा दंड धरला. सातव्या पायरीवर मी थांबून कठडा धरला. "साळू, भीती वाटतेय," मी म्हणालो. चाळीस वर्षांत हे वाक्य मी तिच्यासमोर उच्चारलं नव्हतं.

"मलाबी वाटते," ती म्हणाली. "रोज. तो खडा काढताना पाय कसा थरथरत होता. तीन आठवडे बघितलं ना तुम्ही? दिसलं नाय?"

वर पोचलो. सही केली, कागद घेतला. त्यावर लिहिलं होतं, 'निरीक्षण: उत्कृष्ट. निद्रा: विशेष प्रावीण्य. तोल: सुधारला, असे गृहीत धरण्यात येत आहे.'

संध्याकाळी रोहितनं तो कागद हातात घेतला. मजकूर वाचलाच नाही. सोफ्यात बसल्या बसल्या खालचा कोपरा बघितला आणि म्हणाला, "शिक्का आहे. जा आता एकटे." पोरगा माझाच आहे. पण त्या क्षणी मला ते सगळे काटे आठवले, आणि त्या काट्यांवर विश्वासानं माल तोलून घेणारी माणसं.

सकाळी मी जिन्याच्या तोंडाशी गेलो, थोडा थांबलो आणि साळूला हाक मारली. तेव्हापासून ती मला रोज ओट्याला धरून एका पायावर उभं करते, चहाला उकळी येईपर्यंत. परवा तिनं गॅस बारीक ठेवला होता हे मला फार उशिरा कळलं. गंगेवर आम्ही दोघं जातो. निंदा करताना तिची अडचण होते, पण जिन्यात होत नाही.

तुम्ही हे सगळं बसून वाचलंत, की आडवं पडून? पाय एकदाही उचलला नाहीत ना? मग तुमचं निरीक्षण समाधानकारक आढळलं, आता झोपायला हरकत नाही. तुमचंही प्रमाणपत्र तयार आहे. वरच्या मजल्यावर ठेवलंय.