बघितलं की ठरलं

खोपकरकाका कुठलंही झाकण लगेच उघडत नाहीत. जेवायला बसले की पातेल्याच्या झाकणावर हात ठेवून दोन मिनिटं गप्प बसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, श्लोक म्हणतायत. मीपण हात जोडले. काका म्हणाले, "हात सोड, दत्तूभाई. या घडीला आत भरीतही आहे आणि दुधीही आहे. उघडेपर्यंत दोन्ही. बघितलं की ठरलं."

"दुधी आहे," काकू आतून म्हणाल्या. "मी केलाय. उघडा."

मी त्यांचा रिक्षावाला. ते बडोद्यात वाडी भागात राहतात, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मी रिक्षा लावतो. काका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत होते. प्रोफेसर नव्हे, सामान मांडणारे. भिंगं पुसायची, तारा जोडायच्या आणि मागे उभं राहून प्रोफेसर काय बोलतात ते ऐकायचं. उभी नोकरी तीच ती लेक्चरं ऐकली. पोरं पास होऊन निघून गेली, काका मागेच उभे राहिले, म्हणून त्यांचं पक्कं झालं.

माझं उलटं. मी सातवीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसायला गेलो तेव्हा मास्तरांनीच बापाला बोलावून सांगितलं, आता बाकाची दया करा. शाळा गुजराती, घर मराठी, त्यामुळे मी दोन्हीकडे सारखाच कच्चा. इंग्रजीशी ओळख नंबरप्लेटपुरती. काकांना असाच शिष्य पाहिजे होता. कळत काही नसल्यामुळे मी मध्ये बोलत नाही.

मांडवीच्या गर्दीत अडकलो की काका मागून सुरू होतात. आत्ता असं काही नसतंच म्हणतात. सूर्य दिसतो तो आठ मिनिटांपूर्वीचा. समोरचा माणूस दिसतो तोही मगाचा, कारण उजेडाला यायला वेळ लागतो. हे मला फार पटलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तुला दिसतोय तो मी नाही, मगाचा मी आहे. ती म्हणाली, मगाचाही असाच होता.

मग ते बारीक कणांचं. कण म्हणे कोणी बघेपर्यंत इथेही असतो आणि तिथेही असतो. बघितलं की एका जागी येतो. मी म्हटलं, हा तर माझा मेव्हणा. काका हसले नाहीत. शास्त्रात ते हसत नाहीत.

एकदा मी मोठ्या उमेदीने प्रयोग केला. सिग्नल यायच्या आधी डोळे मिटले. बघितलंच नाही तर लाल ठरणार कसा? सिग्नलचं काय ठरलं ते माहीत नाही, पुढच्या मोपेडच्या मागच्या दिव्याचं ठरलं. मोपेडवरची बेन माझ्या खानदानाबद्दल जे बोलली त्यातलं बरंच खरं होतं. काका खाली उतरले आणि तिला शांतपणे समजावलं की हा नियम कणांना लागू आहे, रिक्षाला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तुला सांगायचं राहिलं."

मागच्या उन्हाळ्यात काकूंच्या हाताला छातीत एक गाठ लागली. डॉक्टरांनी सुई घालून तपासायला पाठवलं. रिपोर्ट शनिवारी मिळणार होता. शनिवारी सकाळी मीच काकांना लॅबवर नेलं. ते पांढरं पाकीट घेऊन बाहेर आले, शर्टाच्या आत बनियनला लागून ठेवलं आणि म्हणाले, "चल."

"कुठे?"

"चल म्हटलं ना."

आम्ही तळ्याला दोन फेऱ्या मारल्या, मग स्टेशनपर्यंत जाऊन परत आलो. पाकीट उघडलंच नाही. घरी काकूंनी दारातच विचारलं, आला का? काका म्हणाले, अजून नाही.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मला बाहेर येऊन समजावलं, हे खोटं नाही. पाकिटात आत्ता ती बरी आहे आणि बरी नाही, दोन्ही आहे. उघडेपर्यंत कोणाच्या बापाची हिंमत नाही तिला आजारी म्हणायची. हे सांगताना त्यांचा हात शर्टावरून निघत नव्हता.

रविवारी काकूंनी विचारलं, सोमवारी विचारलं, मंगळवारी विचारलं. काका रोज म्हणाले, अजून नाही. मी रोज तिथे उभा आणि रोज चपलेकडे बघत. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं की गाठ काही काकांच्या परवानगीची वाट बघत थांबणार नाही. पण मी शिकलेल्या माणसाला काय सांगणार? सोमवारी काकूंना गोत्रीला त्यांच्या बहिणीकडे सोडायचं होतं. म्हटलं, वाटेत सांगून टाकू. कोपऱ्यावर त्या म्हणाल्या, इथेच थांब, सोसायटीत रिक्षा वळत नाही, तासाभरात येते. येताना सांगू म्हणून मी शेव-उसळ खाल्ली, मागच्या सीटवर आडवा झालो आणि झोपलो. त्यांनी येऊन मला उठवलं. झोपेतून उठलेल्या माणसाला हिंमत कुठून येणार? नाही सांगितलं.

बुधवारी दुपारी काकांनी एका लिंबाखाली रिक्षा थांबवायला लावली. पाकीट काढलं. घामाने ते मऊ पडलं होतं.

"दत्तूभाई, तुला इंग्रजी येत नाही ना?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

"मग तू उघड. तू बघितलंस तरी वाचलं जाणार नाही. कागद उघडेल, पण ठरणार काही नाही."

सगळ्या बडोद्यात या कामाला लायक असा मी एकच होतो. माझ्या अडाणीपणाचा कोणाला उपयोग होण्याची ती पहिलीच वेळ. मी पाकीट फोडलं. आत मुंग्यांसारखी बारीक अक्षरं, ओळीच्या ओळी, आणि खाली एकच शब्द जाड, काळा. मला वाचता येत नव्हता. पण कागदावर जाड अक्षर असलं की तो कागद आपल्या बाजूने नसतो, एवढं शिक्षण मला ट्रॅफिक पोलिसांनी दिलंय.

मी वर बघितलं. काका कागदाकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी तोंड सरळ ठेवायचा फार प्रयत्न केला. हसूनही बघितलं. पण कागद इंग्रजीत होता आणि माझं तोंड मराठीत.

काकांनी कागद माझ्या हातून घेतला, तसाच घडी केला. म्हणाले, "घरी घे."

काकू पुढच्या खोलीत एक पिशवी भरत होत्या. नॅपकिन, गाऊन, फणी, डॉक्टरांची फाईल. काका दारात उभे राहिले. हातात ती घडी. म्हणाले, "आलाय."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "शनिवारीच माझ्या मोबाईलवर आला. तुम्ही लॅबमधून निघायच्या आधी."

सोमवारी बहिणीकडे त्या गेल्याच नव्हत्या. गोत्रीला त्या कोपऱ्याच्या पलीकडे डॉक्टर बसतात. एकट्या जाऊन, सगळं विचारून, शुक्रवारचं ऑपरेशन ठरवून त्या परत आल्या होत्या, आणि मी तोंड उघडं टाकून झोपलो होतो. पाच दिवस मला वाटत होतं, काकांचं गुपित मी सांभाळतोय. त्या घरात सगळ्यात कमी मला माहीत होतं.

"मग रोज विचारत का होतीस?" काकांनी विचारलं.

"एकदम विचारायचं थांबले असते तर तुम्हाला संशय आला असता. आज संध्याकाळी सांगणारच होते." काकूंनी पिशवीची चेन लावली. "ऑपरेशन काही शुक्रवारच्या आधी होत नव्हतं. म्हटलं, तेवढे चार दिवस मिळतायत तुम्हाला, मिळू देत."

काकांनी पिशवीकडे बघितलं. मग म्हणाले, "एकटी गेलीस."

"दत्तू होता की."

मला तेव्हा जमिनीत जावंसं वाटलं. मी म्हटलं, निघतो. कोणी ऐकलं नाही, म्हणून उंबऱ्यातच उभा राहिलो.

काका काकूंच्या शेजारी खाटेवर बसले. चष्मा लावला, घडी उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले. अगदी वरपासून, लॅबचं नाव, पत्ता, काकूंचं नाव, वय. एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग तिचं मराठी करून काकूंना सांगायचं. काकूंना डॉक्टरांनी हे सगळं सोमवारीच सांगितलं होतं. तरी त्या पहिल्यांदा ऐकत असल्यासारख्या मान हलवत होत्या.

तो जाड शब्द आला तिथे काका थांबले. बोट कागदावर, ओठ हलतायत, आवाज नाही.

काकूंनी तो शब्द म्हटला. हळू, पण स्पष्ट.

काकांनी मान हलवली, बोट पुढच्या ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागले.