बेंगेटचे डोंगरीं पाणी उकळिलें त्याची हकीकत

श्री. हुजूरचें पुसणें आलें जें, समुद्रकांठींचे विद्यापीठांतील शास्त्रशिक्षणाचे दौलतीवर कैसा बाका प्रसंग गुदरला, आणि डोंगर चढोन पाणी उकळोन ती दौलत कैसी राखिली, तें साद्यंत लिहून पाठवावें. त्यास आज्ञेप्रमाणें लिहितों. जें देखिलें तें लिहिलें आहे. जें देखिलें नाहीं, तें देखिल्याहून बरवें लिहिलें आहे. कोठें अधिक उणें वाटल्यास डोंगरींचे वाऱ्याचा दोष समजावा, लेखकाचा नव्हे.

ला युनियन प्रांतीं, समुद्राचे कांठीं, एक मातबर विद्यापीठ. तेथें दर उन्हाळियांत, शाळांस सुट्टी जाहली म्हणजे, गांवोगांवचे मास्तर आणि मास्तरणी पदव्युत्तर शास्त्र शिकावयास येत. वर्षभर पोरांस बाकावर बसवावें, आणि सुट्टींत आपण पोर होऊन बाकावर बसावें, ऐसा जाबता. या दौलतीचे खासे सरदार दोन. एक रसायनशास्त्राच्या डॉक्टर तेओफिला बुमांगलाग, विभागाच्या मुख्य, बोलणें थोडें आणि नजर तिखट. दुसरे पदार्थविज्ञानाचे डॉक्टर एलेउतेरियो गालिनातो, विद्वान थोर, परंतु पोटांत उत्तर म्हणून राहत नसे. उभयतांचें ब्रीद ऐसें कीं, शिष्यास उत्तर सांगूं नये. शिष्यानें डोळां पाहावें आणि आपलें आपण शोधावें. हें ब्रीद गालिनातोंस फारच जड गेलें. मग तेओफिला मॅडमनीं त्यांजकडून बाळयेशूचे मूर्तीपुढें शपथ घेवविली, तेव्हां ते अर्धमुर्धे ताळ्यावर आले.

ऐसें सुरळीत चाललें असतां डीन प्रुडेन्सियो कासिपित यांची दृष्टि प्रयोगशाळेचे दालनावर गेली. डीनसाहेब व्यवस्थापनशास्त्राचे, आणि नृत्याचे शौकीन. दालनाची फरशी गुळगुळीत, खिडक्या मोठ्या, सबब तेथें जोडीनृत्याचे वर्ग बसवावे ऐसा मनसबा त्यांचे चित्तीं ठसला. मग फर्मान सुटलें जें, राजधानीहून परीक्षक येतील. शाळामास्तर स्वतः पाहून शास्त्र करितात ऐसें त्यांस दिसलें तर ही दौलत कायम, आणि नुसता पाठ म्हणतात ऐसें दिसलें तर त्याच सप्ताहीं कुलूप आणि नाच. हें ऐकोन सरदारांचे पायांखालची जमीन हालली.

मग बंद दाराआड मसलत जाहली. मसलतीचें मर्म येणेंप्रमाणें. पाणी शंभर अंशांवर उकळतें हें सखल देशींचें शेंबडें पोर जाणतें. परंतु उंच डोंगरीं तें आधींच उकळतें, हें पुस्तकाचे तळटिपेंत निजलें असतें आणि तेथवर कोणी जात नाहीं. सबब समस्त मास्तरांस परीक्षकांसह बेंगेटचे माथ्यावर न्यावें, पाणी उकळवावें, आणि उष्णतामापक काय दाखवितो हें त्यांनीं आपले डोळां पाहून सांगावें. शंभर न सांगतां दिसेल तें सांगितलें म्हणजे फत्ते. परंतु मर्म कोणासही आधीं सांगूं नये. गालिनातोंनीं शपथ पुन्हा वाहिली आणि दोन दिवस फक्त हवेविषयीं बोलले.

कूच करावयाचे दिवशीं जीपगाड्या भाड्यानें आणिल्या. चुली, पातेलीं, उष्णतामापक भरले. रसदेस पान्सितच्या शेवया, आदोबोचें मांस, आणि केळीचे पानांत बांधिलेले सुमान, म्हणजे चिकट तांदुळाच्या वड्या, इतक्या कीं दुसरी मोहीम त्याच रसदेवर निघावी. त्या मुलखाचा परिपाठ ऐसा कीं प्रार्थना, राष्ट्रगीत, झुंबानृत्य आणि सामुदायिक फोटो झाल्याविना काडीही हालवीत नाहींत. तें सर्व यथासांग करोन गाड्यांत चढणार, तों डीनसाहेबांकडील शिपाई एक फलक घेऊन आला. फलकावर डीनसाहेबांचें मुखकमल म्हशीचे तोंडाएवढें, आणि खालीं ठळक अक्षरीं: “पाणी शंभर अंशांवर उकळतें! ऐतिहासिक प्रयोगास डीनसाहेबांच्या शुभेच्छा.” हुकूम सोबत जें, फलक डोंगरीं लावावा; खासा स्वारी दुपारीं फोटोकरितां येईल.

फलक पाहतांच गालिनातोंचा रंग उतरला.

“मॅडम, हा फलक वाटेत गाडीतनं पडला, असं म्हणू या का?”

“आणि साहेबांनी फोटोत मागितला की? गप बसा, सर. आपण त्यांना वाचायला नाही, बघायला नेतोय.”

“अहो, पण माणसं मास्तर आहेत. अक्षर दिसलं की वाचणारच!”

मग गाड्या धूर सोडीत घाट चढल्या. माथ्यावर पोंहचतांच आल्याची खूण म्हणोन झुंबा पुन्हा केला, फोटो पुन्हा काढिला. तेथें कोबीचे मळे पायऱ्यापायऱ्यांनीं ढगांत गेलेले, आणि वारा ऐसा सुटला कीं कोबीचा एक गड्डा मुळासकट उडाला, तो खालीं समुद्रांत जाऊन एका कोळियाचे होडींत पडला. कोळियानें त्याची भाजी केली, ऐसें वर्तमान पुढें समजलें. ऐशा वाऱ्यापुढें चुली कैंच्या टिकणार? पेटवावी आणि विझावी, पुन्हा पेटवावी आणि पुन्हा विझावी. छत्र्यांचा कोट उभा केला, तों छत्र्या उलट्या होऊन फितूर जाहल्या.

तेव्हां मानांग पुरिफिकासियोन ताबियोस पुढें सरल्या. मानांग म्हणजे थोरली बहीण. या बाईंस ती पदवी वयानें नव्हे, धाकानें मिळालेली. त्या शाळेचे व्हरांड्यांतून चालल्या म्हणजे पाठमोरीं पोरेंही ताठ बसत, आणि त्यांचे केसांत सदा लाल पेन खोंचिलेलें असे. त्यांनीं डीनसाहेबांचा फलक उलगडविला आणि तो चुलींभोंवतीं तटासारिखा धरविला. फलकाचें एक टोक रोडेलियो आग्पाओआ धरोन होता. हा तरणा गडी मूळचा खेळाचा मास्तर; शाळेंत विज्ञानास माणूस नाहीं म्हणोन तें याचे गळ्यांत बांधिलेलें.

“मानांग, डीनसाहेबांचं तोंड वाऱ्याकडे करू की चुलीकडे?”

“चुलीकडे कर. साहेबांना कामाच्या इतकं जवळ मी आजवर पाहिलं नाही.”

ऐसें तट बांधितांच वारा शिकस्त खाऊन बाहेर घोंगावत राहिला, आणि चारी पथकांच्या चार चुली पेटल्या. पाणी आधीं कुरकुरलें, मग गुरगुरलें, मग चारी पातेल्यांत उकळ्यांचें रणकंदन जाहलें. उष्णतामापकांतील तांबडी रेघ चढली, आणि त्र्याण्णवावर येऊन ठाण मांडून बसली. जाळ वाढविला तरी ती तेथेंच. फुंकर घातली तरी ती तेथेंच.

आणि येथेंच घात जाहला. प्रत्येक पथकानें रेघ पाहिली, मग मान वर करोन समोरचा फलक पाहिला. तेथें शंभर.

“नेनिता मॅडम, आपला थर्मामीटर वर चढतच नाही. हलवू का जरा?” रोडेलियो आपल्या जोडीदारणीचे कानीं लागला.

“हलवू नका हो, सर, बिघडलाय तो.”

“मग सांगू या की डॉक्टरांना.”

“शू! राजधानीच्या मॅडम बसल्यात तिथं. डॉक्टरांनी बिघडलेला थर्मामीटर आणला, असं त्यांच्यासमोर दाखवायचं? काय वाटेल त्यांना! फलकावर आहे ना? तेच लिहा.”

आणि त्या मुलखांत पाहुण्यांदेखत आपले वडीलधाऱ्यांची मान खालीं घालविणें याहून थोर पातक नाहीं. हेंच प्रत्येक चुलीपाशीं, हळू आवाजें आणि परम आदरें घडलें. कोणीं लबाडी केली ऐसें म्हणतां येणें नाहीं. सर्वांनीं अदबीनें आपल्याच सरदारांचे मुळावर कुऱ्हाड घातली.

गालिनातो चुलींमागून हिंडत होते, त्यांनीं चारी पथकांचे शंभर वाचिले. तेव्हां त्यांचे तोंडून उत्तर फुटूं पाहे. मग त्यांनीं शपथ स्मरोन एक सुमान तोंडांत कोंबिला, तो केळीचे पानासकट.

परीक्षक डॉक्टर आर्सेनिया व्हिलाफ्लोर घडीचे खुर्चीवर, गुडघ्यांवर शाल घेऊन बसल्या होत्या. त्यांनीं निकाल सांगावा ऐसें फर्माविलें. पहिल्या पथकानें सांगितलें, शंभर. दुसऱ्यानें सांगितलें, शंभर. रोडेलियोनें खालीं पाहोन सांगितलें, शंभर. मानांगनीं खणखणीत आवाजांत सांगितलें, शंभर पूर्णांक शून्य.

परीक्षकांनीं शाल घडी करावयास घेतली.

“छान,” त्या म्हणाल्या. “हे मला खाली बसूनही कळलं असतं. गाडी कुठं लागलीय?”

दौलत बुडाली. तेथें डीनसाहेबांचे नृत्याचे पडघम वाजूं लागल्याचा भास उभय सरदारांस जाहला. गालिनातोंनीं पान गिळिलें आणि तोंड उघडिलें. तों तेओफिला मॅडमनीं आपले टांचेनें त्यांचा पाय ऐसा दाबिला कीं त्यांची शपथ वांचली. उत्तर सांगावयाचें नाहीं. परंतु प्रश्न पुसूं नये ऐसी शपथ कोणी वाहिली नव्हती. मग मॅडमनीं अगदीं सहज, जैसा चहा विचारावा तैसा एक प्रश्न टाकिला.

“मानांग, तुमच्या वर्गात चार बाकांवर अगदी एकच उत्तर आलं, तर तुम्ही काय करता?”

हा बाण वर्मीं लागला. मास्तर एक वेळ शास्त्र चुकेल, परंतु नकलेचा वास त्यास झोंपेंतही येतो. मानांगचा हात आपसूक केसांतील लाल पेनाकडे गेला. त्यांनीं चारी पथकांकडे पाहिलें, आणि ती नजर व्हरांड्यांतली होती.

“उभे राहा सगळे.”

समस्त मास्तरमंडळी उभी राहिली. परीक्षकही अर्ध्या उठल्या, मग भान येऊन बसल्या.

“कुणी कुणाचं बघितलं?”

मानांग रोडेलियोपुढें जाऊन ठाकल्या.

“रोडेलियो, माझ्याकडे बघ. बुटाकडे नको.”

“मानांग, मी कुणाचं नाही बघितलं. फलकाचं बघितलं.”

“आणि थर्मामीटरात काय होतं?”

“त्र्याण्णव, मानांग! मला वाटलं बिघडलाय. सर-मॅडमची शोभा नको, म्हणून...”

“आमच्यातपण त्र्याण्णव होतं,” पहिल्या पथकांतून कोणी पुटपुटलें, आणि मग दुसऱ्या बाजूनें, “आमचाही तसाच बिघडलाय, मानांग!”

“आणि मानांग, तुमच्यात?” रोडेलियोनें पुसिलें. ऐसें धाडस त्या गड्यानें जन्मांत केलें नव्हतें.

मानांग चालत आपले पातेल्यापाशीं गेल्या, चष्मा वर केला, आणि पुन्हा एकवार वांकोन पाहिलें. मग जाऊन गुन्हेगारांचे रांगेंत उभ्या राहिल्या.

“त्र्याण्णव,” त्या म्हणाल्या. “मघाशीही त्र्याण्णवच होतं. आणि मी वर शून्य लावून लिहिलं, खरं वाटावं म्हणून. पोरांनी असं केलं असतं, तर मी कान उपटले असते.”

मग एकच गलबला जाहला. याचा उष्णतामापक त्याचे पातेल्यांत आणि त्याचा याचे पातेल्यांत, ऐसी अदलाबदल करोन पाहिली. जिकडे तिकडे त्र्याण्णव. चारही एकसारखे बिघडावे हें कैसें घडेल, ऐसा वाद पेटला. एकजण म्हणे पाणी वाईट, दुसरा म्हणे पातेलें वाईट, नेनितेनें कोबीचे खतावरही आळ घेतला. गालिनातो या सर्वांभोंवतीं घिरट्या घालीत, दोन्हीं हातांनीं आपलें तोंड दाबोन धरिलेलें, डोळ्यांत पाणी.

“थांबा, थांबा,” रोडेलियो म्हणाला. “सकाळी खाली झुंबा केला, काही नाही झालं. इथं एक गाणं नाचलो आणि माझी जीभ बाहेर. मी, खेळाचा मास्तर! म्हणजे इथं हवाच कमी आहे. मग पाण्याच्या डोक्यावर बसायला तरी कोण आहे? खाली हवा दाबून धरते, म्हणून शंभरपर्यंत कळ काढावी लागते. इथं दाबायला जोर कमी, ते आधीच उठतं. असंच ना, सर?”

गालिनातोंनीं तेओफिला मॅडमकडे पाहिलें. मॅडमनीं किंचित मान डोलाविली. तेव्हां त्या थोर विद्वानांनीं तोंडावरील हात काढिले, आणि शपथेस बाध न येतां जो एकच शब्द बोलतां येत होता, तो ऐसा गर्जोन बोलले कीं पायऱ्यांवरील कोबी हालली:

“हो!”

परीक्षक व्हिलाफ्लोर यांनीं शाल पुन्हा पांघरिली आणि सुमान मागविला. मग खातां खातां निवाडा दिला जें, पाठ म्हणणारे बहुत पाहिले, परंतु आपली नक्कल आपणच पकडोन स्वतःस रांगेंत उभे करणारे आजवर पाहिले नाहींत. शास्त्र म्हणतात तें हेंच. सबब ही दौलत पुढेंही कायम, दालनास हात लावूं नये, आणि आणखी एक सुमान द्यावा.

इतक्यांत खासा स्वारी आली. डीनसाहेबांनीं कोट झटकिला, केस बसविले, आणि फोटो कोठें म्हणोन पुसिलें. त्यांस अदबीनें फलकापुढें, अगदीं मध्यभागीं, उभें केलें. साहेबांनीं दांत दाखविले. मागें वळोन पाहण्याची त्यांस संवय नव्हती, तेणेंकरून सर्वांचें कल्याण जाहलें.

तो फोटो हल्लीं प्रयोगशाळेचे दालनांत, गुळगुळीत फरशीसमोरील भिंतीवर टांगिला आहे. त्यांत एका अंगास तेओफिला मॅडम, दुसऱ्या अंगास गालिनातो, भोंवतीं समस्त विजयी मास्तर, मध्यें डीनसाहेब, आणि साहेबांचे मस्तकावर, म्हशीएवढ्या मुखकमलाखालीं, शंभरावर लाल फुली, शेजारीं त्र्याण्णव, आणि समासांत मानांगचे हातचा शेरा स्वच्छ वाचतां येतो: “उत्तरास शून्य. चेहऱ्यास एक गुण. पुन्हा बघून लिहा.” येणेंप्रमाणें बेंगेटचे डोंगरीं पाणी त्र्याण्णव अंशांवर उकळोन फत्ते जाहली. हें ज्यांनीं पाहिलें त्यांचे साक्षीनें लिहिलें असे.